खालून बोटभर

६ जानेवारी २०२५, सोमवार. सायंकाळी ७.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. डायरी विकत आणायची गरज नाही, झेरॉक्सच्या दुकानदाराला कागदाचा काय तोटा. काउंटरवर एक पाठकोरा कागद पडला होता, त्यावरच बिस्मिल्ला केली. कागद साठले की स्पायरल करीन. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

कारण महत्त्वाचं आहे. दुपारी फैयाज आला होता. माझा मेहुणा, सुमैराचा धाकटा भाऊ. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस शॉपवर, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर, अकरा वर्षं ऑपरेटर. प्रेसच्या दणक्याने उजवा कान जवळजवळ गेला आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजापासून लांब व्हा, नाहीतर डावाही जाईल. कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली आहे, काचेच्या केबिनमध्ये. अट एकच, दूरशिक्षणाचा डिप्लोमा. तीन मॉड्यूल: व्यवस्थापन, कामगार कायदा, संगणक तंत्रज्ञान. परीक्षा एप्रिलमध्ये. मेअखेर मार्कशीट दाखवली नाही तर जागा बाहेरच्या माणसाला.

फैयाज तीन पुस्तकं ठेवून गेला. म्हणाला, दुल्हेभाई, एक झेरॉक्स काढून ठेवा, मूळ पुस्तकं खराब व्हायला नकोत.

मी लगेच ठरवलं, फैयाजला मीच शिकवणार. माणूस चांगला, पण बुद्धी बेताची. डोक्यात काही शिरत नाही बिचाऱ्याच्या. माझ्यासारख्याचं बोट धरलं तरच निघेल. बावीस वर्षांत एमबीए, एलएलबी, इंजिनिअरिंग, सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. हातातून गेलं म्हणजे डोक्यातून गेलंच. मी स्वतःही याच कोर्सला परीक्षेपुरता फॉर्म भरून आलो, फैयाजला सोबत म्हणून. पुस्तकांचा सेट नको म्हणालो. संस्थेच्या खिडकीतले बघतच राहिले.

पुस्तकं ए-फोरपेक्षा बोटभर मोठी निघाली. ऑटो फीडरमध्ये जाईनात. कटिंग मशीनवर पाठीचा डिंक कापून पानं सुटी केली आणि खालून बोटभर उडवलं. पान एका बाजूला छापलेलं, मागची बाजू विद्यार्थ्याच्या नोंदींसाठी कोरी. काय ही उधळपट्टी. एकूण दोनशे चौदा पानं. कटिंगवर हात अजून तसाच बसलेला आहे.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दहा पानं. चहा दोनच.

८ जानेवारी. सकाळी ९.१०.

पाचचा गजर झाला होता. पण अचानक बदल माणसाला मानवत नाही, हे व्यवस्थापनाचं पहिलं तत्त्व. हळूहळू आणावा. आज पावणेनऊला उठलो, म्हणजे नेहमीपेक्षा पाच मिनिटं आधी. काल चार चहा.

९ जानेवारी.

लाईट गेली होती. गठ्ठे टेबलावर. लाईट आली तेव्हा टेबल फॅनचं बटण चालूच होतं, तीन नंबरवर. पानं दुकानभर. चार रस्त्यावर. एक समोरच्या कल्याणच्या पायरीवर. कल्याणचंही झेरॉक्सचंच दुकान आहे, पण लहान.

कल्याण पान घेऊन स्वतः आला. उलटंपालटं करून म्हणाला, अलीमभाई, पान नंबर कुठंयत?

नंबर पानाच्या तळाशी होते. तळ सोमवारीच रद्दीत गेला.

त्याला सांगितलं, ज्याला विषय येत नाही त्याला पान नंबर लागतो. पान ठेवून गेला. जळतो.

१० जानेवारी.

पानं लावायला बसलो. मोजली तर दोनशे तेरा. सोमवारी एक जास्त मोजलं असणार.

पहिला तासभर अर्थ बघून लावत होतो. तेवढ्यात सात पानं लागली. या वेगाने महिना जाईल. मग पद्धत बदलली. जिथे वाक्य अर्धवट तुटलं तिथे पुढे जे पान बसेल ते लावायचं. अडीच तासांत काम फत्ते. तिन्ही पुस्तकांचा टाइप एकच असल्याने व्यवस्थापन कुठे संपतं आणि कायदा कुठे लागतो ते आता कळत नाही. पण मागे एक प्राध्यापक माझ्याकडे पेपर झेरॉक्स करताना म्हणाले होते, पुढचा जमाना इंटरडिसिप्लिनरीचा आहे. तो जमाना माझ्या दुकानात शुक्रवारी आला.

चाळीस कॉप्या काढल्या. संस्थेकडचे सेट संपले आहेत, नवे जुलैत येणार म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाईक भरपूर. निळं कव्हर. वर छापलं: थ्री-इन-वन मॉड्यूल. संकलक, अलीम सर.

१९ जानेवारी, रविवार.

पहिला क्लास. दुकानातच, मशीन बंद ठेवून. विद्यार्थी दोन. फैयाज आणि मच्छिंद्र. मच्छिंद्र राहुरीकडचा, दूध डेअरीवर क्लार्क आहे, त्यालाही हाच डिप्लोमा करायचा आहे.

फैयाजने पहिल्याच पानावर बोट ठेवलं. वाक्य असं: “उत्तम नेत्याकडे पुढील गोष्टी असाव्यात: धैर्य, दूरदृष्टी आणि दोन यूएसबी पोर्ट.” म्हणाला, दुल्हेभाई, हे कसं काय?

मी पुस्तक हातात घेतलं. मग समजावलं, नेत्याला एकाच वेळी दोन बाजूंशी जोडलेलं राहावं लागतं, वरच्या साहेबांशी आणि खालच्या कामगारांशी. खोल वाक्य आहे. मच्छिंद्रने वहीत उतरवून घेतलं. फैयाज नुसता बघत राहिला. मी म्हणतो ना, शिरत नाही.

२६ जानेवारी.

झेंडावंदनामुळे क्लास उशिरा. आजची दोन वाक्यं पाठ करून घेतली.

“कामगार वारंवार गैरहजर राहत असल्यास व्यवस्थापकाने त्याच्याशी शांतपणे बोलावे. तरीही फरक न पडल्यास त्यास दहा सेकंद बंद करून पुन्हा चालू करावे.”

“करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्यावर तो कोरड्या, मऊ फडक्याने पुसून घ्यावा.”

मच्छिंद्र म्हणाला, सर, पुस्तक लई भारी हाय, पन माझ्या डोक्याला ताण पडतोय. मी म्हणालो, ताण पडतोय म्हणजे शिरतंय. तो मला सर म्हणाला, हे नमूद करून ठेवतो.

फैयाज क्लास संपल्यावर थांबला. स्पायरल काढून सुटी पानं द्या म्हणाला. मूळ पानंच द्या, झेरॉक्स नको. अख्खं पुस्तक झेपत नसणार. वाईट वाटलं. दिली. जाताना विचारलं, दुल्हेभाई, सगळी आहेत ना? मी म्हणालो, सगळी.

९ फेब्रुवारी.

फैयाज क्लासला नाही. सुमैरा नागापूरला जाऊन आली. सांगत होती, त्याने घरभर पानं मांडली आहेत. पलंगावर, ओट्यावर, कपाटाच्या वर. इमामबींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नमाजाची जानमाज पसरायला जागा उरलेली नाही. शिफ्टवरून आला की गुडघ्यावर बसून पानं इकडून तिकडे करतो. एक एक पान तीनतीनदा वाचतो, मग कुठंतरी ठेवतो, मग पुन्हा उचलतो.

मी सुमैराला म्हणालो, हे अभ्यासाच्या ताणाचं लक्षण आहे. ती म्हणाली, तुमचा अभ्यास कुठवर आला. मी म्हणालो, मी शिकवतो आहे. शिकवणारा वेगळा अभ्यास करत नाही.

पहाटे पाचचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे. थंडी फार.

२१ फेब्रुवारी.

मोठी बातमी. मच्छिंद्रची असाइनमेंट तपासून आली. तिन्ही विषयांत वीसपैकी अठरा. माझ्याच पुस्तकातून उतरवली होती, शब्दन् शब्द. त्याच्या उत्तरात असं आहे: “पासवर्ड कोणालाही सांगू नये. तो फक्त न्यायालयात दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा.” शेजारी लाल पेनाने बरोबरची खूण.

सुमैरा म्हणाली, तपासणाऱ्याने वाचलंच नसेल, पानं मोजून मार्क दिले असतील. बायकोला नवऱ्याचं यश कधी दिसत नाही. मार्कांचा कागद झेरॉक्स करून दुकानाच्या काचेवर लावला, शंभर टक्के मोठा करून.

मच्छिंद्र डेअरीत आता हेच लागू करतो आहे. एक पोऱ्या... नाही, चाळिशीतला माणूस आहे, आदिनाथ नावाचा, तो सारखा उशिरा येतो. मच्छिंद्रने त्याला दहा सेकंद बाहेर उभं करून पुन्हा आत घेतलं. आदिनाथ तेव्हापासून वेळेवर येतो म्हणे. मी थक्क झालो. मग लक्षात आलं, थक्क होण्यासारखं काही नाही.

२ मार्च. पहिला रोजा.

रोज्यात वाचन कमी, चिंतन जास्त. सहरीला उठावंच लागतं, म्हणजे पहाटे पाचचा संकल्प आपोआप पूर्ण झाला. सहरीनंतर झोपलो.

१६ मार्च.

इफ्तारला फैयाज आणि सासूबाई आपल्याकडे होते. फैयाज खजूर तोंडात टाकून म्हणाला, दुल्हेभाई, एक पान कमी आहे. मी म्हणालो, शक्य नाही. म्हणाला, व्यवस्थापन पूर्ण लागलं. तंत्रज्ञान पूर्ण लागलं. कायद्यात मध्येच एक वाक्य तुटतं, आणि त्याचं पुढचं पान घरात कुठंच नाही. तुम्ही पहिल्या दिवशी दोनशे चौदा म्हणाला होता, माझ्याकडे दोनशे तेरा आहेत. दुकानात एकदा बघा ना.

बघतो म्हणालो. तो म्हणाला, हे आज तिसऱ्यांदा म्हणताय. सासूबाई म्हणाल्या, अरे बघा की जरा, पोराचा कान जातोय.

३१ मार्च. ईद.

शीरखुर्मा तीन वाट्या. पान शोधायचं राहिलं. सणाच्या दिवशी कोण दुकान उघडतं.

७ एप्रिल.

दुकानात शोधलं. मशीनच्या मागे, ट्रेमध्ये, रद्दीत. दहा मिनिटं. नाही. पुस्तकात एखादं पान कमी असणं ही छापखान्याची चूक असते. फैयाजला तसं फोनवर सांगितलं.  तो म्हणाला, फोन उजव्या कानाला धरला होता, काही ऐकू आलं नाही, परत सांगा. परत सांगितलं.

१९ एप्रिल, शनिवार. परीक्षा.

व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान. उत्तम. तीन पुरवण्या घेतल्या. फैयाजने एकच घेतली.

व्यवस्थापनाच्या पेपरात मी नेत्याच्या दोन यूएसबी पोर्टवर दीड पान लिहिलं, आकृतीसह. पर्यवेक्षक माझ्या बाकापाशी उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी दुसऱ्या वर्गातल्या पर्यवेक्षकांनाही बोलावून आणलं. दोघांनी वाचलं. दुसरे लगेच बाहेर गेले, खांदे हलत होते. भारावले असावेत.

२० एप्रिल.

कायदा. पहिला प्रश्न सक्तीचा, दहा गुण. “कामाच्या ठिकाणच्या आवाजामुळे कामगाराच्या श्रवणशक्तीवर परिणाम होत असल्यास घ्यावयाचे टप्पे लिहा.”

हा प्रश्न पुस्तकात नव्हताच. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न टाकला आहे, तक्रार करता येईल. पण मी जागा रिकामी सोडणारा माणूस नव्हे. लिहिलं, “आवाज कमी करण्यासाठी उजव्या कोपऱ्यातील चिन्हावर क्लिक करून पट्टी खाली ओढावी.”

बाहेर आल्यावर फैयाज पायरीवर बसला होता. प्रश्न कानाचाच होता, म्हणाला. कान माझाच गेलाय, दुल्हेभाई, पण टप्पे कुठं ठाऊक होते. जे घडलं ते लिहून आलो.

मी त्याची पाठ थोपटली. सोपं करून शिकवण्यात मी कुठे कमी पडलो का, असा विचार एकदा येऊन गेला. चहा घेतला.

१२ मे.

निकालानंतर काय करायचं याचं नियोजन. एक, दुकानाची पाटी बदलणे: अलीम अकॅडमी. दोन, पुढच्या आवृत्तीत आणखी दोन विषय मिसळणे, नर्सिंग आणि शेअर बाजार. तीन, व्हिजिटिंग कार्ड. कार्डांचा नमुना छापून पाहिला. छान दिसतो.

२६ मे, सोमवार. दुपारी १.

निकाल ऑनलाइन. चाळीसला पास.

फैयाज: व्यवस्थापन ६१. तंत्रज्ञान ५८. कायदा ३६.

मच्छिंद्र तिन्हीत नापास. फोन आला होता. म्हणाला, सर, दहा सेकंद थांबून परत लावून बघू का निकाल? चेष्टा करत होता की खरंच विचारत होता, कळलं नाही.

माझा निकाल. सर्व्हर स्लो आहे.

सायंकाळी ५.

सर्व्हर बरोबर आहे. व्यवस्थापन ९. कायदा ७. तंत्रज्ञान ११. रिचेकिंगला टाकणार. असाइनमेंटला अठरा देणारे आणि पेपरला नऊ देणारे एकाच संस्थेचे असू शकत नाहीत.

काचेवरचा मच्छिंद्रचा मार्कांचा कागद सुमैराने काढला. मी काढ म्हणालो नव्हतो.

२७ मे.

फैयाज आला. मी म्हणालो, दोन विषयांत साठच्या आसपास, शेवटी माझ्या क्लासचा उपयोग झालाच. तो पाय हलवत बसला. मग म्हणाला, दुल्हेभाई, एका अर्थी झालाच. पानं लावायला प्रत्येक ओळ वाचावी लागली. ही ओळ कुठून आली, पुढं कुठं जाते, हे कळल्याशिवाय पान ठेवताच येईना. दोन महिने तेच केलं. पानं लागली तोवर पुस्तक पाठ झालं होतं. नंबर असते तर मी चाळून ठेवून दिलं असतं.

म्हणजे हीच माझी पद्धत, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, फक्त ते एक पान. चार मार्कांनी गेलो. दहा मार्कांचा प्रश्न होता.

कंपनीच्या साहेबांनी दोन विषय बघून जुलैअखेरपर्यंत मुदत दिली आहे. कायद्याची फेरपरीक्षा २९ जूनला. तोवर फैयाज प्रेसवरच. कालपासून डाव्या कानात शिट्टी वाजते, म्हणाला. हे त्याने सुमैरासमोर सांगितलं नाही, ती चहा आणायला आत गेल्यावर सांगितलं.

२८ मे. दुपारी.

करमेना. रोजनिशीचे कागद बरेच साठले होते, म्हटलं आज स्पायरल करून टाकू. भोकं पाडायला गठ्ठा उलटा धरला.

सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात पहिला कागद. ६ जानेवारीचा. तो खालून बोटभर कापलेला आहे. छापील बाजूला वरच्या ओळीत अर्धं वाक्य, आणि त्याखाली ठळक टाइपात: “कामाच्या ठिकाणचा आवाज व श्रवणशक्ती: कामगाराने घ्यावयाचे टप्पे.” एक ते सहा.

दोनशे चौदाच होती. मी बरोबर मोजलं होतं.

सायंकाळी.

झेरॉक्स काढता येते. फक्त छापील बाजूची. काढलीही. स्वच्छ आली, टोनर परवाच भरला आहे. ही दिली की काम झालं. मागे मी काय लिहिलं आहे ते कोणाला कळायचं कारण नाही. बुद्धी बेताची, शिरत नाही बिचाऱ्याच्या, असं सगळं आहे तिथे.

पण फैयाज विचारणार, पान कुठं सापडलं. आणि मी काहीतरी सांगणार. छापखान्याचं, नाहीतर कल्याणच्या पायरीचं. सांगेनच. पाच महिन्यांचे कागद आत्ता समोर पडले आहेत, एकदा चाळले. प्रत्येकावर काही ना काही सांगितलेलं आहे.

मला लाज वाटली. मूळ पान पाकिटात घातलं. कोऱ्या बाजूची, म्हणजे आता कोऱ्या नसलेल्या बाजूची, झेरॉक्स काढून रोजनिशीत पहिल्या नंबरला लावली. सुमैराच्या हाती पाकीट नागापूरला पाठवलं. स्वतः गेलो नाही. दुकान कोण बघणार.

२९ मे. सकाळी १०.

फैयाजचा फोन. पान बरोबर बसलं म्हणाला, तुटलेलं वाक्य जुळलं. पुस्तक पूर्ण झालं.

मग म्हणाला, मागचं पण वाचलं.

मी काउंटर पुसायला घेतला. तो म्हणाला, अम्मीलाही वाचून दाखवलं, ती फार हसली. पुढे म्हणाला, दुल्हेभाई, तुमचे तिन्ही विषय राहिलेत ना. फेरपरीक्षेचा फॉर्म उद्यापर्यंत आहे, मी दोघांचा भरून टाकतो. शिफ्ट सुटली की रोज सात ते आठ या घरी. आधी पानांवर नंबर टाकू, मग मी शिकवतो.

विचार करून सांगतो म्हणालो. तो म्हणाला, सात वाजता.

सायंकाळी ६.

वही घेतली. पेन घेतलं. सुमैराने डबा दिला, त्याच्यासाठीही. दारात म्हणाली, शहाणपणा करू नका, विचारेल तेवढंच सांगा. आणि त्याच्या डाव्या बाजूला बसा, उजवीकडून त्याला ऐकू येत नाही.